चार हात पुढे पाहून

भगवान महावीरांना केवलज्ञान झालं ते सालवृक्षाखाली. ऋजुकूला नदीचा काठ, जृंभिक गाव, वैशाख शुद्ध दशमी. आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, हे दरवर्षी सांगितलं जायचं आणि मी शिरोळ तालुक्यातली मुलगी ते ऐकून घ्यायचे. साल कसा दिसतो हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे ऊस, बांधावर बाभूळ, दारात कडुनिंब. पुढे लग्न होऊन जबलपूरला आले, वनसंशोधनात क्षेत्र-साहाय्यकाची नोकरी लागली आणि मंडल्याच्या जंगलात पहिल्यांदा ते झाड पाहिलं. सरळ खोड, वर दाट शेंडा, पायाखाली पानांचा जाड थर. मंडल्याकडे त्याला सरई म्हणतात. मीही इथून पुढे सरईच म्हणेन, म्हणजे खोडाच्या सालीशी घोटाळा होणार नाही.

त्या झाडाला वाचवण्यासाठी किडे मारण्याच्या कामावर माझी नेमणूक झाली. श्रावकाच्या घरात जन्मलेल्या, सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या आणि पाणी गाळून पिणाऱ्या बाईने हे काम करावं का, केलं तर त्याला काय म्हणावं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. नोकरी संपली तरी तो संपलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी काय घडलं ते सांगते. १९९७ च्या सुमारास मंडला, बालाघाट, अमरकंटक या पट्ट्यात उभी सरई वाळू लागली. दुरून पाहिलं तर हिरव्या डोंगरावर तांबूस डाग पडल्यासारखं दिसायचं. जवळ गेलं की बुंध्याशी भुशाचा ढीग. पुढच्या वर्षापर्यंत लाखो झाडं किडलेली निघाली. डिसेंबर १९९६ मध्ये गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर कडक बंधनं घातली होती. त्यामुळे किडलेली झाडं तोडायची का, तोडायची तर कुठली, हा प्रश्नही त्याच न्यायालयापुढे गेला. किडीच्या नावाखाली धडधाकट झाडं कापली जातील अशी भीती अनेकांना वाटत होती. ती भीती मला निराधार वाटली नाही. सरईचं लाकूड महाग आहे आणि किडलेलं झाड कुठलं, हे कागदावर ठरवणं सोपं आहे.

ही काही पहिली साथ नव्हती. १९२३ ते १९२८ या काळात याच मंडल्यात असंच संकट आलं होतं. तेव्हा मंडला मध्य प्रांतात होता आणि तिथला कारभार नागपुरातून चालायचा. किड्यांना पकडण्याची जी रीत आम्ही वापरली तीही त्याच काळातल्या वनकीटकशास्त्रज्ञांनी बसवलेली. मध्ये सत्तर वर्षं गेली, रीत तीच राहिली.

हा किडा म्हणजे लांब शिंगांचा भुंगेरा. शास्त्रीय नाव होप्लोसेरँबिक्स स्पिनिकॉर्निस. गडद तपकिरी, मोठा नर बोटाएवढा लांब आणि त्याच्या मिशा अंगापेक्षाही लांब. हातात धरला की मान मागेपुढे करून करकर आवाज करतो. पहिला दमदार पाऊस पडला की हे भुंगेरे झाडाच्या गाभ्यातून बाहेर येतात. मादी खोडाच्या सालीतल्या भेगांमध्ये अंडी घालते. अळी आधी साल पोखरते, मग आतलं पांढरं लाकूड, मग थेट गाभा. पोखरलेला भुसा ती बाहेर ढकलते आणि तो बुंध्याशी साठतो. हिवाळ्याच्या तोंडाला गाभ्यात एक खोली करून, तिला चुन्यासारख्या पांढऱ्या पदार्थाचं झाकण लावून ती आत कोषात जाते आणि पुढच्या पावसाची वाट पाहते. वर्षातून एक पिढी.

झाडही गप्प बसत नाही. सरई निरोगी असेल तर अळीने साल कुरतडताच तिथून राळ वाहू लागते आणि कोवळी अळी त्या चिकात गुदमरून मरते. हीच राळ आपण धुपात घालतो. बस्तीत आरतीच्या वेळी जो वास मी लहानपणापासून घेतला, तो झाडाच्या बचावाचा वास आहे हे मला मंडल्यात समजलं. माझ्याबरोबर काम करणारी एक वयस्क गोंड बाई, आम्ही सगळे तिला दाई म्हणायचो, खोडावर ओघळलेली राळ दिसली की त्या जागी हात ठेवायची आणि म्हणायची, ही रडतेय म्हणजे वाचेल. शास्त्राच्या भाषेत आम्हीही प्रतवारी करताना तेच लिहीत होतो. राळ आहे, भुसा थोडा आहे, शेंडा हिरवा आहे: झाड ठेवा. राळ नाही, भुशाचा ढीग आहे, शेंडा वाळला आहे: तोडा.

तोडलेलं झाड पावसाच्या आत जंगलाबाहेर न्यायचं, कारण त्याच्या पोटात पुढची पिढी असते. हा झाला अर्धा उपाय. दुसरा अर्धा पावसाळ्यातला.

पावसाळ्यात एखादं सरईचं झाड मुद्दाम पाडायचं. त्याचे दोन-तीन मीटरचे ओंडके करायचे, टोकांकडची साल कुऱ्हाडीच्या पाठीने ठेचून काथ्यासारखी करायची आणि ओंडके सावलीत एकमेकांवर आडवे रचायचे. ठेचलेल्या सालीतून रस सुटतो. त्याचा वास भुंगेऱ्यांना दुरून ओढून आणतो. रात्री ते येतात, रस पितात आणि सुस्त होऊन सालीखाली पडून राहतात. सकाळी गावातल्या बायका, पोरं, म्हातारे टोपल्या घेऊन येतात आणि ते गोळा करतात. गोळा केलेल्या किड्यांची मुंडकी तोडायची. मुंडकी मोजून मजुरी द्यायची, म्हणजे तोच किडा दोनदा मोजला जात नाही.

मी मोजणारी होते. समोर केळीच्या पानावर ओतलेली मुंडकी, काही मिशा अजून हलणाऱ्या, आणि माझ्या हातात वही. पाऊस चालू असायचा म्हणून वहीवर प्लास्टिकचा कागद. दाईच्या बोटांना तपकिरी रस लागलेला असायचा आणि ती अंगठ्याने इतक्या सहज मुंडकं तोडायची की शेंगा सोलते आहे असं वाटावं. तिच्या घरात त्या पैशांनी पावसाळ्यातलं धान्य येत होतं. मला पगार मिळत होता.

आता अडचण कुठे आहे ते बघा. आमच्या शास्त्रात जीवांची मांडणी इंद्रियांवरून आहे. झाड एकेंद्रिय, त्याला फक्त स्पर्श. कृमी दोन इंद्रियांचे, मुंगी तीन, भुंगा चार, माणूस पाच. झाड स्थावर, भुंगेरा त्रस, म्हणजे हलणारा-चालणारा. गृहस्थाच्या अहिंसाणुव्रतात निदान एवढं तरी असतंच की त्रस जीवाला ठरवून, जाणूनबुजून मारायचं नाही. स्थावर जीवांची हिंसा त्याला पूर्ण टळत नाही, भाजी चिरावी लागते, शेत नांगरावं लागतं, म्हणून तिथे मर्यादा सांगितली आहे. मी काय करत होते? एकेंद्रिय जीवाला वाचवण्यासाठी चतुरिंद्रिय जीवाला मारत होते. आणि त्यासाठी आधी एक निरोगी एकेंद्रिय जीवही पाडत होते. शिडीच्या हिशोबाने सगळंच उलटं.

आणखी एक गोष्ट मला बोचत असे. आमचे मुनी चातुर्मासात एका जागी राहतात, कारण पावसाळ्यात जमिनीवर जीव फार असतात आणि चालताना ते पायाखाली येतात. ज्या चार महिन्यांत जीवहत्या टळावी म्हणून साधू विहार थांबवतात, नेमक्या त्याच महिन्यांत माझं काम सुरू व्हायचं. किडा पावसातच बाहेर येतो, त्याला दुसरा मुहूर्त नाही.

कार्यालयातले सहकारी माझी समजूत घालायचे. एक जण गीतेचा दाखला द्यायचे: तुम्ही निमित्तमात्र आहात, कर्तव्य म्हणून केलं की पाप लागत नाही. त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे, पण माझी परंपरा मला हा रस्ता देत नाही. आमच्याकडे हिंसा तीन प्रकारे घडते असं मानतात. कृत, म्हणजे स्वतः केलेली. कारित, म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेतलेली. अनुमोदित, म्हणजे दुसऱ्याने केली आणि आपण मान डोलावली ती. तिन्हींचा कर्मबंध लागतो. माझ्या बोटांना तो तपकिरी रस लागला नाही याचा मला काडीचा उपयोग नव्हता, वही माझ्या हातात होती. उलट मला वाटायचं, दाईपेक्षा माझा वाटा मोठा आहे. ती पोटासाठी करत होती, मी तिच्याकडून करवून घेत होते. ज्यांनी सरईच्या चौकटी घराला बसवल्या आणि जंगलाकडे पुन्हा वळून पाहिलं नाही, त्यांचाही वाटा यात आहेच.

गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकारही सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. आरंभी स्वयंपाकपाण्यात होते, उद्योगी शेती-व्यापारात, विरोधी म्हणजे अंगावर आलेल्याला परतवताना. माझी कुठली? विरोधी म्हणावी तर भुंगेरा माझ्या अंगावर आलेला नव्हता. आरंभी ती नव्हतीच. उद्योगी म्हणून सोडवून घ्यायचा मोह होतो, पण शेतकऱ्याच्या नांगराखाली गांडूळ येतं तेव्हा त्याचा हेतू पेरणीचा असतो, गांडूळ मारण्याचा नसतो. आमचा हेतूच मारण्याचा होता. लक्ष्यच तेवढं दिलेलं असायचं. प्रामाणिकपणे पाहिलं तर ती संकल्पीच्या फार जवळ जाते.

त्याच सुमारास माहेरी गेले असताना आमच्या गावात एका मुनीमहाराजांचा चातुर्मास चालू होता. दुपारच्या वेळी त्यांच्यापुढे बसून मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते एखादं प्रायश्चित्त सांगतील, उपवास सांगतील, किंवा काम सोड म्हणतील. ते म्हणाले, "हिंसा आहे. तिला दुसरं नाव देऊ नकोस." मग बराच वेळ ते प्रश्नच विचारत राहिले. किडा किती लांब उडतो, झाडाला कळतं का, पहिलं झाड किडलं ते कुणी पाहिलं. शेवटी विचारलं, "तिथं रोज कोण चालतं?"

मी सांगितलं, बीटगार्ड, म्हणजे जंगलाच्या एका तुकड्याचा वनरक्षक. एका बीटमध्ये कित्येकदा हजार हेक्टरांच्या आसपास जंगल, त्यातही गार्डांच्या बऱ्याच जागा रिकाम्या, म्हणून एकाच माणसाकडे दोन-दोन बीट. त्याच्याकडे आग, चोरटी तोड, पंचनामे, निवडणुकीचं काम. झाडाच्या बुंध्याकडे बघायला तो कधी जाणार? महाराज त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी मोरपिसांच्या पिंछीने समोरची जागा झाडली आणि ते उठले. पण त्यांचा प्रश्न मी परत घेऊन आले आणि हळूहळू माझा सगळा विचार त्याच्याभोवती बसत गेला.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे तिचा आशय असा, की प्रमादाने, म्हणजे बेसावध आणि क्रोध-लोभासारख्या कषायांनी ग्रासलेल्या मन-वचन-कायेने, प्राणांचा घात होणं ही हिंसा. जीव मेला एवढ्यावर ती थांबत नाही, आपण जागे होतो का हे ती विचारते. म्हणूनच साधूंना पाच समित्या सांगितल्या आहेत. पहिली ईर्यासमिती: चालताना चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचं. वस्तू उचलताना, ठेवताना पाहायचं, झाडून घ्यायचं. अहिंसा ही मोठी तत्त्वगोष्ट म्हणून आपण भाषणांत सांगतो, पण तिचा रोजचा अभ्यास डोळ्यांनी करायचा असतो.

आता ही व्याख्या मंडल्याच्या जंगलाला लावून पाहा. सरईचा भुंगेरा परका नाही. तो तिथलाच, बहुधा सरईइतकाच जुना. एरवी तो मेलेल्या, पडलेल्या, म्हाताऱ्या झाडांवर जगतो आणि त्यांची माती करायला हातभार लावतो. जंगलाला त्याची गरज आहे. तो लाखांनी वाढतो तेव्हा त्यामागे काहीतरी घडलेलं असतं. तोडलेले ओंडके पावसाळ्याआधी उचललेले नसतात, वाऱ्याने पडलेली झाडं तशीच राहिलेली असतात, एका वयाची जुनी झाडं दाटीने उभी असतात, त्यांना वर्षानुवर्षं हात लावलेला नसतो. प्रत्येक पडलेला ओंडका म्हणजे त्याला मिळालेलं आमंत्रण. दोन-तीन पावसाळे हे चालतं, कुणी पाहत नाही, आणि मग एके वर्षी डोंगर तांबडा होतो. त्या दिवशी आमच्यासारखे लोक वह्या घेऊन पोचतात आणि हजारोंनी मुंडकी मोजतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की आमची मोठी हिंसा मुंडकी तोडताना सुरू झाली नाही. ती त्याआधीच्या वर्षांत घडली, जेव्हा बघायचं काम कुणी केलं नाही. केळीच्या पानावर जे दिसत होतं तो त्या न बघण्याचा हिशोब होता. वेळेवर दिसलं असतं तर दहा झाडं काढून भागलं असतं. दहा झाडांचीही हिंसा होतीच, ती मी नाकारत नाही. पण दहा आणि लाख यांत फरक नाही असं म्हणणारी अहिंसा मला बेफिकीर वाटते.

बघणं म्हणजे नेमकं काय, तेही सांगते, कारण ते फार साधं काम आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात ठरलेल्या वाटांनी चालायचं. वाटेतल्या प्रत्येक सरईच्या बुंध्याशी वाकायचं. भुसा आहे का? असेल तर नवा की जुना? सुरुवातीचा भुसा सालीचा, काळपट आणि भरड असतो. अळी लाकडात शिरली की तो पांढरट होतो. पाऊस जोराचा झाला तर तो वाहून जातो, म्हणून मुळांच्या खोबणीत बोट घालून पाहायचं. मग खोडावर नजर वर न्यायची: राळ आहे का, किती उंचीपर्यंत आहे. मग शेंडा. सगळं नोंदवायचं, झाडाला खूण करायची. हिवाळ्यात पुन्हा यायचं आणि खुणेची झाडं पुन्हा बघायची. जे वाचणार नाही ते उन्हाळा संपायच्या आत काढायचं. निव्वळ बघताना एकही जीव मारावा लागत नाही. दाई या कामात माझ्यापेक्षा पुष्कळ हुशार होती. मी फॉर्म भरेपर्यंत ती पुढच्या तीन झाडांपाशी जाऊन आलेली असायची.

आणि बघण्याने आणखी एक गोष्ट मिळते, जिच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. कधी हात लावायचा नाही तेही समजतं. मेळघाटात किंवा आलापल्लीकडे पावसाळ्याच्या अखेरीला सागाची पानं चाळण झालेली तुम्ही पाहिली असतील. फक्त शिरांची जाळी उरते आणि सगळं रान भाजल्यासारखं दिसतं. लोक घाबरतात, फवारणी करा म्हणतात. पण हे करणारी अळी मुख्यतः जुन्या पानांवर, हंगाम संपताना येते. ती पानं तशीही गळणारच असतात. झाडाची वाढ त्या वर्षापुरती होऊन गेलेली असते, नुकसान फारसं होत नाही. तिथे काहीही न करणं हा योग्य निर्णय आहे आणि तो फक्त अभ्यास असलेला माणूसच घेऊ शकतो. जो बघत नाही तो भीतीने मारतो.

सागाची दुसरी अळी मात्र वेगळी. हिब्लिया प्युएरा. ती उन्हाळ्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या सुमारास कोवळ्या पालवीवर येते आणि काही दिवसांत झाड उघडं करते. झाड मरत नाही, पुन्हा पालवतं, पण वाढ खुंटते. केरळ वनसंशोधन संस्थेने निलंबूरच्या तरुण रोपवनांत मोजलं तेव्हा लाकडाच्या संभाव्य वाढीतली ४४ टक्के वाढ या अळीमुळे बुडत होती. निलंबूरला कोनोली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू केली. मैलोगणती एकच झाड. अळीला याहून मोठी पंगत कुठली मिळणार? इथे मला अपरिग्रहाचं व्रत आठवतं. फक्त विकता येईल तेच लावायचं आणि बाकी सगळं काढून टाकायचं, या हव्यासातूनच ती अळी शत्रू झाली. मिश्र रानात ती असतेच, पण तिला आवरणारे पक्षी आणि गांधीलमाश्याही असतात.

त्या अळीवर १९६५ मध्ये केरळमधल्या कोन्नी इथे हवेतून एन्ड्रिन फवारण्यात आलं. एन्ड्रिन किती घातक आहे हे आज जगाला ठाऊक आहे. २००१ च्या स्टॉकहोम कराराने ज्या विषांवर पहिल्यांदा बंदी आणली त्यांत ते होतं. पानावर, ओढ्यात, माश्यांत, पक्ष्यांत, सगळीकडे ते गेलं असणार. पुढे निलंबूरमध्येच संशोधकांना या अळीला नैसर्गिकरीत्या होणारा एक विषाणू सापडला. तो फक्त याच अळीला मारतो. विषाणू लागलेली अळी पानाला लटकून मऊ पडते, तिचं अंग फुटतं आणि त्यातून विषाणू पुढच्या पानांवर जातो. मधमाशीला, पाखराला, माणसाला त्याची बाधा नाही. हीसुद्धा कारित हिंसाच आहे, आपण एका जीवाकडून दुसऱ्याचा घात करवतो. पण एका जातीपुरती, मोजकी, आणि अळी पालवीवर पोचल्याचं पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसलं तरच उपयोगी. उशीर झाला की विषाणूही कामाचा नाही, तोवर पानं संपलेली असतात. म्हणजे इथेही कमी हिंसेचा उपाय त्यालाच मिळतो जो रोज बघतो. उशिरा पोचणाऱ्याच्या हाती विमान आणि एन्ड्रिन उरतं.

माहेरच्या आमच्या आप्पांशी मी यावर पुष्कळ बोलायचे. ते शेतकरी, व्रती, आणि उसातल्या हुमणीने गांजलेले. हुमणीचे भुंगेरेही वळवाच्या पहिल्या पावसानंतर रात्री बाभळीवर-कडुनिंबावर जमतात आणि सगळं गाव बत्त्या घेऊन ते झाडून पाडतं, रॉकेलच्या पाण्यात टाकतं. आप्पा त्या रात्री घरात बसायचे, पण गड्यांना पाठवायचे. मी एकदा म्हटलं, "आप्पा, ही कारित झाली की." ते म्हणाले, "व्हय, झाली. पर तू मला सांग, वर्सानुवर्सं ऊसावर ऊस कुणी लावला? हुमणीनं लावला काय?" पुढच्या वर्षी त्यांनी निम्म्या रानात सोयाबीन आणि ज्वारी घेतली. पैसे कमी आले. हुमणी गेली असं मी म्हणणार नाही, पण त्या रानात गड्यांना पाठवायची वेळ आली नाही.

मला विचाराल तर मी पुन्हा ते काम करेन. सरईचं रान उभं राहिलं म्हणजे त्याखालचे अगणित जीव राहिले. जूनमध्ये बी वेचणारी, पत्रावळीसाठी पानं काढणारी माणसं राहिली. पण ते करताना त्याला हिंसाच म्हणेन आणि दशलक्षण पर्वाच्या दिवसांत क्षमा मागताना भुंगेऱ्याचं नाव घेईन. तसं मी आजही घेते. मनात बोच राहिली म्हणूनच मी पुढची वर्षं सर्वेक्षणाची वाट सोडली नाही. ती पुसून टाकली असती तर मला वाटतं मीही पावसाळ्यात बुंध्याशी वाकायचं सोडून दिलं असतं.

आमच्या समाजात जीवदयेसाठी पैसा कमी पडत नाही. पांजरपोळ चालतात, कत्तलखान्याकडे निघालेली जनावरं सोडवली जातात, पाखरांसाठी पाण्याची भांडी टांगली जातात. हे सगळं चालू राहावं. त्याबरोबर प्रत्येक बस्तीतून, प्रत्येक मंदिरातून एक निवेदन जावं असं मला मनापासून वाटतं: वनरक्षकांच्या रिकाम्या जागा भरा आणि पावसाळ्यात झाडं तपासायला त्यांना वेळ द्या. ही मागणी जीवदयेतच मोडते.

आणि तुम्ही स्वतः एक करू शकता. नागपूर-पुण्याहून कितीतरी मराठी माणसं वाघ बघायला कान्हाला जातात. तिथलं रान सरईचं आहे आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात ते पर्यटकांसाठी उघडतं. भुसा दिसण्याचे ते दिवस असतात. जाताना वाटेतल्या झाडांच्या बुंध्यांकडे नजर टाका. ताजा पांढरट भुसा दिसला तर गाडीतून न उतरता गाइडला ती जागा दाखवा, लिहून घ्यायला लावा आणि परतताना नाक्यावरच्या वनरक्षकाला सांगा. ऑक्टोबरात सांगितलंत तर पुढच्या पावसाआधी ते झाड तपासायला त्याच्या हाती सात-आठ महिने असतात.